"यंदा सगळ्यांनी आमच्याकडं नको" असं म्हणायचं कसं?

मी समुपदेशन करते, आणि नोव्हेंबर लागला की माझ्याकडं नाताळच्या नावानं हा प्रश्न येतोच. ऑगस्ट-सप्टेंबरात तोच प्रश्न गौरी-गणपतीच्या नावानं येतो, कधी गावच्या म्हाईच्या, म्हणजे जत्रेच्या जेवणाच्या नावानं येतो, सण बदलतो, बाकी सगळं तेच. "मॅडम, दरवर्षी सगळी आमच्याकडं जमतात, मला आता झेपत नाही, पण नको म्हटलं तर हिनं घर फोडलं म्हणतील." त्यावर एक केस सांगते. ताईंना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई पन्नाशीच्या, शाळेत शिक्षिका, घरातली थोरली सून. कोल्हापुरातलं जुनं ख्रिस्ती घर. इथं १८५२ साली वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी आले, न्यू शाहूपुरीतल्या वायल्डर मेमोरियल चर्चला त्यांचंच नाव आहे, आणि तेव्हापासून पिढ्यानपिढ्या इथं नाताळ करणारी घरं आहेत. टीव्हीतला बर्फाचा नाताळ डोक्यातून काढा. इथं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात करंज्या, चकल्या, शंकरपाळी, लाडू सुरू होतात, केक असतोच, आणि २५ तारखेला दुपारी तांबडा-पांढरा. ज्या शेजाऱ्यांकडून दिवाळीचा फराळ आणि ईदचा शीरखुर्मा येतो त्यांच्याकडं डबे भरून जातात, डबा मोकळा परत जात नाही हा नियम सगळ्यांनाच लागू.

ताईंच्या सासऱ्यांनी पद्धत घातली होती की चारही भावंडांनी २४ ला संध्याकाळपर्यंत घरी यायचं, रात्रीची उपासना, सकाळची उपासना, मग जेवण, संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना, गिफ्ट वाटप, जिन्यावर उभं राहून फोटो, २६ ला दुपारी ज्याचं त्यानं आपापल्या वाटेला. पुणं, मिरज, सांगली, सगळीकडून माणसं. त्यात मधेच एका रात्री घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरणारी कॅरोलवाली पोरं येणार, ती रात्री एकला आली तरी चहा आणि फराळ पाहिजेच. सासरे गेले, पद्धत राहिली, आणि ती चालवायचं काम कुणी न सांगता ताईंकडं आलं.

त्या आल्या तेव्हा झोप उडालेली, छातीत धडधड, कार्डिओग्राम नॉर्मल. मुलानं माळ्यावरून स्टारचा खोका काढला म्हणून त्याच्यावर ओरडल्या होत्या आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडल्या. पण त्यांना सगळ्यात जास्त खात होतं ते वेगळंच. "प्रभूच्या जन्मदिवसाचा मला राग येतोय मॅडम, म्हणजे माझ्या विश्वासातच काहीतरी खोट आहे." मी ख्रिस्ती नाही, त्यामुळं धर्माचं मी काही सांगणार नव्हते, फक्त विचारलं की चर्चमध्ये बसल्यावर पण राग येतो का? तर म्हणाल्या, छे, तिथं तर दीड तास बसायला मिळतं म्हणून बरं वाटतं, पण तिथंही डोक्यात मटण चालू असतं. मग स्वतःच हसल्या आणि लूकच्या दहाव्या अध्यायातली मार्था सांगितली, येशू घरी आलेला, बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसलेली आणि मार्था कामानं वैतागलेली, हिला मला हात लावायला सांगा म्हणून त्यालाच तक्रार करते. "प्रत्येक वेळी उपदेशात मरीयाचं कौतुक. मार्थानं केलं नसतं तर जेवले काय असते सगळे?"

हा राग मला एकदम चोख वाटला. राग नाताळचा नव्हताच, तर नाताळ करण्याचा, आणि एकटीनं करण्याचा होता. मिकाएला डी लिओनार्डो नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ मध्ये यावर लिहिलंय, कॅलिफोर्नियातल्या इटालियन वंशाच्या घरांचा अभ्यास करून. सणाला माणसं जमवणं, फोन, कार्डं, कुणाला काय द्यायचं ते लक्षात ठेवणं, हे सगळं काम आहे, आणि ते बहुतेक बायकाच करतात, नवऱ्याच्या नातेवाइकांसाठीसुद्धा. काम म्हणून मोजलं जात नाही कारण ते प्रेम समजलं जातं. कॅलिफोर्निया काय आणि आमच्या कोल्हापुरातलं नागाळा पार्क काय.

म्हणून पहिलं काम दिलं ते लिहायचं. मागच्या वर्षी १ डिसेंबरपासून काय काय केलं ते सगळं, गाद्यांच्या खोळी धुण्यापासून ते नणंदेच्या मुलाला दाणे चालत नाहीत म्हणून चिवडा वेगळा करण्यापर्यंत. वहीची पानंच्या पानं भरली. पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन या म्हटलं, ते आले, वही वाचली आणि म्हणाले, "मला वाटलं तिला आवडतं हे." खोटं नव्हते बोलत. ताईंनी सुद्धा दरवर्षी "काही नाही हो, होतं सगळं" असंच म्हटलेलं.

ताईंना सगळंच बंद करायचं होतं. मी म्हटलं, बंद करायचं असेल तर तेही करता येतं, पण आधी विचारून बघू की नेमकं काय गेलं तर कुणाला चुकल्यासारखं होईल. फॅमिली ग्रुपवर विचारू नका एवढं मात्र बजावलं, कारण तिथं सगळे बदाम टाकणार आणि "वहिनी, तुमच्या हातचं सगळंच भारी" लिहून मोकळे होणार. एकेकाला फोन, आणि तो ताईंनी नाही, नवऱ्यानं करायचा. माणसं त्याची, पद्धत त्याच्या वडिलांची.

पुण्याच्या भावानं सांगितलं, वडील लूकचा दुसरा अध्याय मोठ्यानं वाचायचे तेवढं राहू दे. पोरांना वरच्या हॉलमध्ये सगळ्यांनी एकत्र गाद्या घालून झोपायचं होतं, बाकी कशाशी देणंघेणं नाही. नणंदेला आईजवळ बसून करंज्या भरायच्या होत्या. आठ प्रकारच्या फराळाचं नाव कुणीच काढलं नाही, जो करताना ताईंची कंबर जायची.

सगळं गोड झालं असं समजू नका. धाकट्या जाऊबाई चिडल्या, "आम्ही काय पाहुण्यासारख्या येतो का?" यावर ताईंनी गप्प बसायच्या ऐवजी, आम्ही इथं सराव केला होता तसं, सरळ म्हटलं, "मग यंदा २३ लाच ये की." सासूबाईंना लागलं. "म्हणजे माझ्या घरात नाताळला विकतचं खायचं?" मटणावर त्या हटल्याच नाहीत, घरच्याच चटणीतलं पाहिजे. शेवटी त्या खुर्ची टाकून स्वयंपाकघरात बसल्या आणि पुण्याच्या मुलाला सांगत सांगत त्याच्याकडून करून घेतलं. फराळ तीनच प्रकार, बाकी बेकरीतून. मिरजेचा दीर रुसला आणि मुक्कामाला आलाच नाही, फक्त जेवायला आला.

आता जे मला या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. जानेवारीत ताई आल्या त्या खूश नव्हत्या. रस्सा पातळ झाला होता, जाऊबाईंनी चकलीचं पीठ सैल भिजवलं, आणि सगळे मस्त हसत जेवत होते. "माझ्यावाचून झालं की हो सगळं." इथंच बऱ्याच बायका परत फिरतात, पुढच्या वर्षी पदर खोचून पुन्हा सगळं अंगावर घेतात, आणि घरचे म्हणतात बघा, हिलाच आवडतं. ओझं असतं तसा तो मानही असतो, स्वयंपाकघरात शेवटचा शब्द आपला असतो, आणि ओझं दिलं की मानही थोडा वाटला जातो. दुसऱ्याला काम द्यायचं तर त्याचा पातळ रस्सा मुकाट्यानं प्यायला लागतो. हे आधी माहीत असलं तर त्रास होतो पण माणूस उलटं फिरत नाही. आम्ही नंतरच्या दोन भेटी याच्यावरच घालवल्या, मटणावर नाही.

हे सगळ्यांना लागू करू नका. जिथं दरवर्षी पिऊन तमाशा होतो, जिथं वाटणीची केस कोर्टात आहे आणि जेवताना टोमणे चालतात, जिथं एखाद्या सुनेचा किंवा मुलाचा सगळ्यांसमोर अपमान होतो, तिथं कामं वाटून काही होत नाही, तिथं एक-दोन वर्षं न जाणं हाच उपाय असू शकतो आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. आणि बोलायचं असेल तर डिसेंबरात बोलू नका. ताईंना उशीर झाला होता म्हणून रुसवे जास्त झाले, दिवाळीच्या आधी विषय काढला असता तर लोकांना रुसून परत यायला वेळ मिळाला असता.

सध्या जाऊबाईंचं म्हणणं आहे की पुढचा नाताळ मिरजेला करू. सासूबाईंना ते अजिबात मान्य नाही, दीर मात्र एकदम खूश. त्यावर बोलायला दोघी जावा जुलैत येणार आहेत, एकत्रच.