स्पॅनिश शिकायला थेट स्पेनलाच जाऊ का? बाबा म्हणतात यूट्यूब आहे ना!

प्रश्न: ताई, मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते, यंदा बीकॉम झालं. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये स्पेनचे पंतप्रधान सांचेझ मोदींबरोबर इथे सी-295 विमानांच्या फॅक्टरीच्या उद्घाटनाला आले होते, तो रोड शो बघायला आम्ही मैत्रिणी उभ्या होतो, तेव्हापासून स्पॅनिशचं डोक्यात बसलंय. वर्षभर तिकडे राहून भाषा शिकावी, दुसरं जग बघावं असं वाटतं, थोडी नोकरी करून खर्च काढेन. बाबा म्हणतात नुसत्या भाषेसाठी एवढे पैसे? आई तर तिकडे शाकाहारी काय खाशील यातच अडकलीय. काय करू?

उत्तर: जा गं, पण आत्ता लगेच नको, आणि नोकरीचं गणित आधी खोडून टाक. भाषेच्या कोर्सच्या व्हिसावर काम करायची परवानगी धरून चालू नकोस, खर्चाचे पैसे इथूनच दाखवावे लागतात, फी सोडून महिन्याला 600 युरो तरी, आणि हे कमीत कमी हं, मोठ्या शहरात त्यात भागणार नाही. 90 दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर स्टुडंट व्हिसा, कोर्स आठवड्याला निदान 20 तासांचा हवा, मेडिकल इन्शुरन्स हवा, आणि 180 दिवसांच्या वर गेलीस तर पोलीस क्लिअरन्सही लागतो, त्यावर अपोस्टील म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, त्याचं स्पॅनिश भाषांतर. आपलं गुजरातचं काम मुंबईच्या स्पॅनिश वकिलातीकडे येतं. 2025 मध्ये नियम बदललेत, त्यामुळे तीन वर्षांपूर्वी गेलेल्या कुणाच्या मैत्रिणीचं ऐकून पैसे भरू नकोस, ज्या शाळेत जाणार ती मान्यताप्राप्त आहे का ते आधी बघ.

आता लगेच का नको. शून्यावरून तिकडे गेलीस तर पहिले तीन महिने 'माझं नाव अमुक' यातच जातील, आणि ते घरबसल्या फुकटात होतं, इथे बाबांचं यूट्यूब बरोबर आहे! सहा-आठ महिने इथेच घासून ए-टू लेव्हल, म्हणजे सहा पायऱ्यांतली दुसरी, काढ. दिल्लीला इन्स्टिट्यूटो सर्व्हान्तेस ही स्पेन सरकारची भाषासंस्था आहे, स्पॅनिशची डेले परीक्षा त्यांचीच, ते सर्टिफिकेट कायमचं असतं, सिएले ही दुसरी परीक्षा, तिचं पाच वर्षांचं. आणि तू मराठी आहेस ही किती मोठी सोय आहे ते क्लासवाले सांगत नाहीत. 'मला आंबा आवडतो' हे इंग्रजीत उलटं फिरवावं लागतं, स्पॅनिशमध्ये आपल्यासारखंच, 'मे गुस्ता एल मांगो', आणि आंबे जास्त झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस', आवडतोचं आवडतात होतं ना अगदी तसं. 'मी बोलले' वेगळं आणि 'मी बोलायचे' वेगळं, स्पॅनिशमध्येही असलेला हा फरक इंग्रजी शाळेतल्या पोरांना महिनाभर कळत नाही, आपल्याला तो तोंडातच आहे. त आणि द आपलेच, तू आणि तुम्ही आहेच. पागार म्हणजे पैसे देणं, आपला पगार पोर्तुगीजांकडून आला तो याच्याच घरातला. गोंधळ होईल तो सेर आणि एस्तारमध्ये, कारण आपलं एकटं 'आहे' दोघांची कामं करतं.

मग सहा महिन्यांसाठी जा, आणि बार्सिलोनाला नको, तिथे रस्त्यावर कातालान ही तिथली वेगळी भाषाही चालते आणि तुझा चेहरा बघून लोक इंग्रजी सुरू करतात. मी सालामांकाला चार महिने होते, 1218 चं विद्यापीठ, गाव छोटं, एका आजीच्या घरी खोली. रात्री दहाला जेवण! पहिल्या आठवड्यात मी आठ वाजताच भुकेने स्वयंपाकघरात चकरा मारायचे आणि आजी म्हणायची, अजून संध्याकाळच आहे. माझं स्पॅनिश त्या स्वयंपाकघरात सुधारलं, वर्गात तर सगळे आपसात इंग्रजीच बोलायचे.

बाबांचं राहिलं. सयाजीराव महाराजांनी 1913 मध्ये आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी अशा अटीवर. म्हणजे बडोद्यात पैसे देणारा आधी विचारतोच, परत येऊन काय? तर बाबांना कागदावर लिहून दाखव, खर्च किती, कोणती लेव्हल कोणत्या महिन्यात, आल्यावर कुठे अर्ज. नुसतं स्पॅनिश आलं म्हणून फॅक्टरीत कुणी खुर्ची ठेवून बसलेलं नाही, पण बीकॉम, टॅली आणि वर बी-टू म्हणजे चौथ्या पायरीचं स्पॅनिश असं एकाच बायोडेटात फार लोकांकडे नसतं. आणि हो, नोकरीला अर्ज करायच्या आधी बी-टू काढ, ए-टूवर 'येतं' असं लिहू नकोस.

आईला सांग, उपाशी राहत नाही कुणी. फक्त 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको एवढंच म्हणून थांबू नकोस, माझ्या सॅलडवर ट्यूना आला होता, परत पाठवला तर हॅम घालून आणलं, कारण त्या वेटरच्या हिशोबाने ते दोन्ही कार्नेत मोजायचे नाहीत. 'नि पेस्कादो, नि खामोन', मासे नको आणि हॅमही नको, हेही जोडायचं. अंडं चालत असेल तर तोर्तिया दे पातातास मिळतो, बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, वर आपली शेव भुरभुरवली की झकास लागतं, तेवढी दोन पाकिटं बॅगेत टाक.