किल्लीसकट काम दे

चि. मुलीस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या मंडळीच्या (चर्चच्या) पंचकमिटीवर तुझी निवड झाल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलंच होतं. तू लिहितेस की मंडळी थंड पडली आहे, कोणी पुढे येत नाही. खाली योजनांची यादी जोडली आहेस: तरुणांचं शिबिर, उपवास-प्रार्थना, नवी साउंड सिस्टीम, सेवकांसाठी प्रशिक्षण वर्ग, वर्ग संपल्यावर प्रमाणपत्रं. यादी वाईट नाही. पण शिबिराला जागा बघणारी तू, वर्गाचे धडे काढणारी तू, स्पीकरचे भाव विचारायला जाणारीही तूच. त्या यादीतल्या एकेका कामापुढे तुझं सोडून दुसऱ्या कोणाचं तरी नाव लिहून बघ. ज्याच्यापुढे नाव सापडणार नाही, ते काम यंदा राहू दे. मंडळीचं काही बिघडणार नाही.

बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय तुला पाठ असेल. प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक आणि शिक्षक का दिले, याचं कारण पौल तिथे सरळ सांगतो: पवित्र जनांना सेवेच्या कामासाठी तयार करायला. म्हणजे सेवा करायची ती बाकांवर बसलेल्यांनी, आणि पाळकाने, पंचांनी त्यांना त्यासाठी उभं करायचं. आपल्याकडे उलटी वाटणी पडली आहे. पाळकाने सेवा करायची आणि उपासना सुटल्यावर मंडळीने दारात उभं राहून त्याला गुण द्यायचे.

याला श्रद्धेचं कारण आहे तसं व्यवहाराचंही आहे. आपल्या भागात एका पाळकाकडे बहुतेकदा एकाहून अधिक गावं असतात आणि काही वर्षांनी त्याची बदली ठरलेली असते. मीही असाच या गावातून त्या गावात गेलो. पाळक जातो, मंडळी तिथेच राहते. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरच्या खेड्यापाड्यांत रुजलं ते गावात वस्ती करून राहिलेल्या मास्तरांमुळे आणि घरोघरी बायबल सांगणाऱ्या बायबलबायांमुळे. मिशनरी साहेब घोड्यावरून येऊन जायचे. मास्तर मात्र सकाळी मुलांना बाराखडी शिकवायचा आणि संध्याकाळी त्याच खोलीत प्रार्थना चालवायचा. त्यांतल्या बहुतेकांची नावंही आज कोणाला ठाऊक नाहीत.

निर्गम पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात यिथ्रो मोशेला भेटायला येतो, तो भाग पुन्हा वाच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा मोशे न्याय करत बसलाय आणि लोक रांगेत उभे आहेत. सासरा म्हणतो, हे तू करतोस ते बरं नाही. यावरचे उपदेश आपण ऐकतो ते सगळे मोशेच्या थकव्याबद्दल असतात. पण यिथ्रो म्हणतो की तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. सगळं एकट्याने ओढणारा कार्यकर्ता बाकीच्यांनाही दमवतो. ते वाट बघून दमतात, आणि मग वाट बघणं हीच त्यांची सवय होते. ‘मंडळी थंड आहे’ असं तुला वाटतं त्यातला बराचसा भाग हाच असेल.

आता माणसं कुठून आणायची? आधी माईकवरची नजर काढ. गाणारा, बोलणारा, प्रार्थना लांबवणारा, एवढ्यांनाच आपण ‘दान असलेला’ म्हणतो. मंडळीत मयत झाली की सगळ्यांच्या आधी त्या घरी पोचून चूल पेटवणारी बाई असते. तिला कोणी सेविका म्हणत नाही, तीही स्वतःला म्हणत नाही. हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे न होऊ देणारा निवृत्त तलाठी असतो. एखादी नर्स असते, जिला घरी पडून असलेल्या म्हाताऱ्यांशी कसं बोलायचं हे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. एकदोन महिने नुसतं बघ. कोण कोणाची विचारपूस करतं, कोणाशेजारी मुलं आपोआप जाऊन बसतात, कोण शेवटी थांबून सतरंज्या घड्या घालतं. सभेत उभं राहून ‘कोणाला सेवेसाठी पुढे यायचंय’ असं मात्र विचारू नकोस. जे लगेच पुढे येतात ते तुला आधीपासून माहीत असतात, आणि जे हवे असतात ते खाली बघतात. त्यांच्या घरी जा. चहा घे आणि कारण सांगून विचार: ‘मी तुम्हाला अमुक करताना पाहिलंय, म्हणून विचारतेय.’ नाही म्हणाले तर हसून नाही घे. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मागे लागू नकोस.

आणि तक्रार करणाऱ्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघ. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी सात माणसं निवडायला सांगितली. ती सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातलीच माणसं निवडून वाटणी त्यांच्या हाती सोपवली. आपल्या कमिटीत असं कधी होतं का? शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गांच्या, नावाने दर रविवारी बोटं मोडणारे जे भाऊ तुझ्या पत्रात आहेत, त्यांना एका वर्गाच्या शिक्षिकेबरोबर तीन महिने बसवून बघ. सगळेच सुधारतात असं नाही. काहींना नुसती तक्रारच प्रिय असते, तेही तीन महिन्यांत कळतं.

कामाबरोबर किल्ली द्यायची, हे मला तुला सगळ्यात जास्त सांगायचंय. आपण काम देतो आणि अधिकार खिशात ठेवतो. तरुण संघाला म्हणतो, शुक्रवारची प्रार्थना तुम्ही चालवा, पण मंदिराची, म्हणजे चर्चची, किल्ली पंचांच्या घरी, वाजवायची पेटी कपाटात बंद, विजेचं बटण कोणी लावायचं यावर वाद. पोरं दोनदा दारातून परत जातात, तिसऱ्यांदा येतच नाहीत, आणि आपण म्हणतो आजकालच्या पिढीला आवड नाही. महिला मंडळाचं याहून वाईट. सणाचा सगळा स्वयंपाक त्यांचा, पण किराणा किती आणायचा हे ठरवणाऱ्या बैठकीत त्यांच्यातली एकही नसते. तू आता त्या बैठकीत आहेस, तेव्हा हा विषय तूच काढ. ज्याला काम दिलंस त्याला थोडा पैसा खर्च करायची मुभा दे, लहानसहान गोष्टी ठरवायची मुभा दे, आणि तुला पटला नसता असा एखादा निर्णय त्याने घेतला तर गप्प बस. दोन बाबतींत मात्र ढिलाई नको. दानपेटी नेहमी दोघांनी मिळून मोजायची आणि दोघांनी सही करायची. मुलांच्या वर्गावर कधीही एकटं मोठं माणूस ठेवायचं नाही, मग तो कितीही विश्वासू असो. यात कोणाला अपमान वाटला तर नियम सगळ्यांसाठी आहे असं सांग, आणि पहिल्यांदा स्वतःला लाव.

शिकवायचं कसं, हेही तू विचारलंस. वर्ग घ्यायला माझी हरकत नाही, पण माणसं बरोबर घेऊन गेल्याने जास्त शिकतात. आजाऱ्याला भेटायला जाताना एकाला बरोबर ने. पहिल्यांदा त्याने नुसतं ऐकावं, पुढच्या वेळी स्तोत्र वाचावं, त्यानंतर प्रार्थना करावी, मग तो दुसऱ्या कोणाला घेऊन जाईल आणि तू घरी राहशील. त्याला दोन गोष्टी वाटेतच सांग: भेट पाव तासात आटपायची, आणि ‘तुमचा विश्वास कमी पडतोय’ हे वाक्य आजाऱ्यापुढे तोंडातून काढायचं नाही. हे वाक्य आपल्या मंडळ्यांत फार बोकाळलंय. माणूस आधीच अंगाने मोडलेला असतो, त्यावर आपण हे ओझं ठेवून येतो.

‘आधी आध्यात्मिक वाढ होऊ दे, मग सेवा’ असं तुझ्या कमिटीतले वडील म्हणतात ना? प्रेषितांच्या कृत्यांतली अपुल्लोस या उपदेशकाची गोष्ट त्यांना दाखव. तो सभास्थानात धैर्याने बोलत होता तेव्हा त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला ऐकलं, आपल्याजवळ घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. त्याला थांबवलं नाही आणि चारचौघांत दुरुस्तही केलं नाही. हे करणारं जोडपं तंबू शिवून पोट भरणारं होतं आणि त्यात बाईचं नाव आधी येतं, हेही वडिलांना वाचू दे. शब्बाथ शाळेच्या मुलीने नोहा आणि योना यांची गल्लत केली तर मुलांसमोर काही बोलू नकोस. घरी बोलाव, जेवायला घाल, आणि दोघी मिळून तो अध्याय वाचा. पुढच्या रविवारी ती स्वतःच मुलांना सांगेल. सेवा करताना आपल्याला काय येत नाही हे कळतं, तेव्हा माणूस शास्त्र उघडतो. नुसत्या बाकावर बसणाऱ्याला ते उघडायची गरजच पडत नाही.

उत्तेजनाबद्दल थोडं. ‘खूप छान झालं, प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो’ हे आपण इतक्या वेळा म्हणतो की त्याचं नाणं गुळगुळीत झालंय. नेमकं काय चांगलं झालं ते सांग. ‘तुम्ही वाचन सावकाश केलंत, मागे बसलेल्या आजींना सगळं ऐकू आलं’ एवढं पुरे. आणि ते दुसऱ्या दिवशी सांग. उपासना सुटताना सगळेच सांगतात.

स्वतःची लायकी नाही असं म्हणणारे तुला खूप भेटतील, विशेषतः बायका. त्यांना लक्ष्मीबाई टिळकांबद्दल सांग. शाळेत कधी न गेलेली ती बाई घरातच लिहा-वाचायला शिकली, आणि तिचे पती रेव्हरंड टिळक यांचं ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरं राहिलं तेव्हा ते तिनेच पूर्ण केलं. केडगावच्या मुक्ती मिशनचंही सांग. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं, हे सगळ्यांना माहीत असतं. ते छापायला खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच बाया-मुली होत्या, हे फार कोणी सांगत नाही. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. मधल्या काळात काम थांबलं नाही, कारण ते करू शकणारे हात त्यांनी आधीच तयार केले होते.

तुझ्या स्वतःविषयी एवढंच: पंच झालीस म्हणून प्रत्येक उपसमितीत जाऊ नकोस. सकाळचं वाचन संदेश तयार करण्यासाठी करू नकोस, स्वतःसाठी कर. मंडळीबाहेरची एखादी मैत्रीण ठेव, जिच्यासमोर तुला ‘ताई’ व्हावं लागणार नाही. आणि पाळकसाहेबांना डावलून काही सुरू करू नकोस. ते नवीन आहेत, चार गावं सांभाळतात, सावध असणारच. प्रत्येक गोष्ट आधी त्यांच्या कानावर घाल. हे पत्र दाखवलंस तरी चालेल, गुण देण्याबद्दलचं वाक्य वाचून ते हसतील.

एक काम मात्र यंदाच कर. तुमच्या मंडळीतली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघाल्या की अर्धं मंदिर रिकामं होतं आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत तसंच राहतं. आपण वहीत ‘गैरहजर’ लिहितो आणि नाताळाला माणसं कमी आली म्हणून हळहळतो. पण ती माणसं मंडळी सोडून गेलेली नसतात. उसाच्या फडाशेजारच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, दिवसभराच्या तोडणीनंतर कोणीतरी गाणं धरतो, कोणीतरी प्रार्थना करतो. त्यांना हे कोणी नेमून दिलेलं नसतं. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल यांच्यावर हात ठेवून त्यांना पाठवलं होतं, तसं यांना का पाठवू नये? निघण्याआधीच्या रविवारी प्रत्येक टोळीतून एक बाई आणि एक पुरुष पुढे बोलाव. पाळकसाहेबांनी हात ठेवून प्रार्थना करावी आणि मंडळीने त्यांना त्या सहा महिन्यांसाठी कोप्यांवरची प्रार्थना, मुलांचं शास्त्र आणि आजाऱ्यांची खबर यांची जबाबदारी सोपवावी. एक मोठ्या अक्षरांचं बायबल आणि गीतांचं पुस्तक बरोबर द्या. वाचता येत नसेल तर फोनवर ऐकता येतं, ते लावून द्यायला तरुण संघातलं कोणी बसव. आठवड्यातून एकदा मंडळीतून त्यांना फोन जावा, आणि तो कोणी करायचा हेही आत्ताच ठरव. नाताळात इकडचे दोघं-तिघं भजनाचं सामान घेऊन फडावर गेले तर फारच चांगलं. परत आल्यावर त्यांच्याकडून सगळ्या मंडळीसमोर अहवाल घ्या, कमिटीचा घेतात तसाच.

यासाठी पैसे फारसे लागणार नाहीत, पण बैठक दसऱ्याआधी व्हायला हवी. नंतर मुकादमांचे ट्रक येतात आणि माणसं एका रात्रीत निघून जातात. कोणाकोणाला नेमलं त्यांची नावं आणि कोणत्या कारखान्यावर आहेत ते मला कळव. माझी रोजची प्रार्थनेची वही आहे, तीत लिहून ठेवेन.

आईला सलाम.

तुझे
पाळककाका