आधी चेसिस मोजा, मग पैसे मोजा

प्रश्न: माझ्याकडे सहाशे सीसीची, सहा वर्षांची स्पोर्ट्स बाइक आहे. २३,००० किलोमीटर झालेत, कर्ज फिटलेलं आहे. गेल्या आठवड्यात ओल्या वळणावर पुढचं चाक सरकलं, बाइक डाव्या अंगावर घसरत गेली आणि पुढचं चाक कडेच्या दगडी कठड्याला लागून थांबली. गॅरेजने दिलेलं एस्टिमेट बाइकच्या अपघाताआधीच्या बाजारभावाच्या ५८ टक्के आहे. हँडल सरळ धरलं की चाक किंचित डावीकडे बघतं. विमा आहे, पण मित्र म्हणतो क्लेम करू नको, नो क्लेम बोनस जाईल. घरचे म्हणतात, विकून टाक. फुटलेलं फेअरिंग (बाइकचं बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण) मी स्वतः काढलं. बाहेरच्या कंपनीचा फेअरिंगचा सेट मी आधीच मागवलाय, तो परत होत नाही. मी व्हिडिओ एडिटिंगची फ्रीलान्स कामं करतो, बचत सहा महिन्यांच्या खर्चाएवढी आहे. बाकीचं क्रेडिट कार्डावर हप्त्याने करून घेऊ का? ता. क.: माझ्या उजव्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर आहे.

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ताज्या कलमात टाकलीत. उजवा हात प्लास्टरमध्ये म्हणजे सहा आठवडे बाइक चालवणं नाही आणि एडिटिंगही जवळपास नाही. प्लास्टर निघाल्यावर हात वळायला लागून पहिलं बिल वसूल होईपर्यंत दोन महिन्यांचं उत्पन्न बुडालं असं धरून चला. बाइक उद्या चकाचक होऊन आली तरी ती गेटापाशी उभीच राहणार. मग घाई कोणाला आहे? गॅरेजवाल्याला असेल, तुम्हाला नाही.

हिशेब सोपा व्हावा म्हणून बाइकचा अपघाताआधीचा भाव १०० धरतो. तुम्ही सोबत जोडलेल्या कागदांवरून तुमचा महिन्याचा खर्च १५ येतो आणि बचत ९०. दुरुस्तीचे ५८, बुडालेल्या दोन महिन्यांचे ३०, नवं हेल्मेट, हातमोजे, जॅकेट यांचे ८. बेरीज ९६. खिशात ९०.

हेल्मेटचा खर्च तुमच्या यादीत नव्हता, तो मी घातला. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच दबतो. दबून धक्का पचवणं हेच त्याचं काम, आणि दबलेला थर परत फुगत नाही. वरून ओरखडासुद्धा दिसत नसला तरी डोकं आपटलेलं हेल्मेट बाद. टाकीचा पोचा नाही काढला तरी चालेल, इथे काटकसर नको.

आता एस्टिमेट बघू. फेअरिंग, काच, हेडलाइट, आरसा आणि पुढचा ब्रॅकेट मिळून २४. फोर्कचे म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाइप, हँडल, वरची टी (ते पाइप जोडणारा आडवा तुकडा) आणि कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) १३. मॅग्नेट कव्हर, क्लच लिव्हर, गिअर लिव्हर, डावा फूटरेस्ट ६. रेडिएटर ५, टाकीचं डेंटिंग-पेंटिंग ४, मजुरी ६. आकडे मला अवाजवी वाटत नाहीत. स्पोर्ट्स बाइक पडते तेव्हा आधी प्लॅस्टिक फुटतं, आणि कंपनीचं प्लॅस्टिक महाग असतं. मला खटकलं ते यादीत काय नाही ते. चेसिस, म्हणजे बाइकचा सांगाडा, तपासल्याचा एक शब्द नाही.

'हँडल सरळ धरलं की चाक डावीकडे बघतं' या वाक्याचे तीन अर्थ होतात आणि तिघांची किंमत अगदी वेगळी आहे. पहिला: फोर्क नुसता टीमध्ये पिळला गेलाय. अॅक्सल आणि टीचे बोल्ट सैल करायचे, फोर्क सरळ करून ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने, पुन्हा आवळायचे. एकही पार्ट लागत नाही. दुसरा: फोर्कचे पाइप वाकलेत. ते काढून व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवायचे, वर डायल गेज (बारीक फरक दाखवणारा काट्याचा मापक) लावायचा आणि पाइप हाताने सावकाश फिरवायचा. काटा किती हलतो ते बघायचं. बहुतेक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.२ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे डोळ्याने हे कळणं अवघड. तिसरा: जिथे कोनसेट बसतो तो चेसिसचा गळाच हलला आहे.

तिसरा अर्थ निघाला तर तुमच्या प्रकारच्या बाइकवर बाकीची सगळी यादी रद्दी. चेसिस अॅल्युमिनियमची आहे. लोखंडी पाइपची चेसिस जिगवर (घट्ट पकडणाऱ्या साच्यावर) चढवून सरळ करतात, अॅल्युमिनियम परत वाकवताना त्यात चीर जाण्याची भीती असते, म्हणून बहुतेक कंपन्या ती बदलाच म्हणतात. आणि चेसिस नंबर तिच्यावरच असल्यामुळे बदलायची तर कागदपत्रांचं लचांड मागे लागतं.

आज संध्याकाळी एक गोष्ट तुम्ही डाव्या हाताने आणि टॉर्चने करू शकता. हँडल पूर्ण वळवलं की जिथे थांबतं, तिथे गळ्यापाशी दोन्ही बाजूंना छोटे ठोकळे असतात. चाक कठड्याला लागलं तेव्हा खालची टी त्यांच्यावर आदळली असणार. तिथे खोक पडलीय का, रंग उडालाय का, केसासारखी चीर दिसते का ते बघा आणि फोटो काढून ठेवा. खोक दिसली म्हणजे चेसिस गेलीच असं नाही, पण ती नीट मोजून घेतल्याशिवाय एक पैसाही पुढे सरकवू नका. ही तपासणी ५८ च्या मानाने किरकोळ खर्चाची आहे.

हे मी पुस्तकी सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझी स्वतःची पडली होती. मी आधी रंग करून घेतला, नवे स्टिकर लावले, चार लोकांनी वाहवा केली. मग सरळ रस्त्यावर बाइक एका बाजूला ओढायला लागली. गॅरेज एकच म्हणत राहिलं, टायर बदला. दोन टायर झाल्यावर दुसऱ्या गॅरेजवाल्याने गळ्यापाशी बोट ठेवून चीर दाखवली. तो रंग फार सुंदर होता.

आता विम्याकडे. तुमचा मित्र लहान क्लेमबद्दल बरोबर आहे. आरसा फुटला, लिव्हर मोडली, तर बोनस सांभाळावा. इथे गणित वेगळं आहे. तुमच्या पॉलिसीत ५ स्वतः भरायचे आहेत. प्लॅस्टिकवर निम्मा घसारा (जुनेपणाची कपात) म्हणजे १२ गेले, बाकी भागांवर १० धरू. ५८ मधून २७ वजा, कंपनीकडून ३१. बोनस गेला तर पुढची काही वर्षं हप्ता जास्त पडेल, तुमच्या पॉलिसीच्या आकड्यांवरून त्याची बेरीज १० च्या आसपास येते. दहा वाचवायला एकतीस सोडायचे? बोनस या शब्दात जादू आहे खरी, लोक तो बक्षिसासारखा जपतात. तो हप्त्यातली सवलत आहे, आणि ती कशाच्या बदल्यात टिकवतोय हे दर वेळी मोजावं लागतं.

सगळे पर्याय एका रेषेत ठेवून बघतो. आहे त्या अवस्थेत बाइकला ३५ येतील असं तुम्हाला दोन जणांनी सांगितल्याचं सोबतच्या कागदांत आहे. पूर्ण दुरुस्त केली तरी पडलेली बाइक म्हणून ७८ च्या वर भाव नाही. स्वतःच्या पैशाने सगळं केलं तर ५८ घालून ७८ ची वस्तू, हाती राहिले २०. नुसती विकली तर ३५. म्हणजे सगळं पदरमोडीने करणं हा घरच्यांच्या सल्ल्यापेक्षाही तोट्याचा सौदा आहे. क्लेम केला तर ७८ मधून तुमचे २७ आणि बोनसचे १० वजा, राहिले ४१. विकून तशीच दुसरी जुनी घ्यायची तर ३५ वर ६५ घालावे लागतील. कागदावर तेही ३५ च राहतात, पण ते ६५ तुमच्याकडे आत्ता नाहीत. शिवाय दुसऱ्याची बाइक कुठे कशी पडली होती हे कोण सांगणार?

आणि चेसिस खरंच वाकलेली निघाली तर? वाईट वाटेल, पण पैशाच्या दृष्टीने ते तुमचं सगळ्यात चांगलं उत्तर असू शकतं. पॉलिसीत बाइकची किंमत ८५ धरलेली आहे. कंपनीने टोटल लॉस (दुरुस्ती परवडत नाही, बाइक पूर्ण गेली) मान्य केला तर ५ वजा होऊन ८० रोख हातात. अशा वेळी लोक नेमकं उलटं करतात. जीव जडलेला असतो म्हणून चेसिसचा विषयच काढत नाहीत आणि वाकड्या बाइकवर नवं प्लॅस्टिक चढवतात.

फेअरिंगच्या सेटचे ९ तुम्ही खर्च केलेत, ते गेले. ते वसूल करण्यासाठी पुढचे ५८ घालायचे नाहीत. मी तो वरच्या कुठल्याच हिशेबात धरलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. क्लेममध्ये अस्सल भाग बसले तर हा सेट न उघडता विकून टाका, जे येईल ते.

क्लेम कुठल्याही कारणाने नाकारला गेला, तरच हा सेट कामाला येतो. चेसिस ठीक असेल तर फोर्क-हँडलचे १३, कव्हर-लिव्हरचे ६, रेडिएटरचे ५, मजुरी ६, आणि जुना पण धड हेडलाइट व ब्रॅकेट मिळून ४. एकूण ३४. टाकीचा पोचा राहू द्या. अशा बाइकला ६८ येतील, म्हणजे विकण्याच्या जवळपास बरोबरीचा सौदा, वर ओळखीची बाइक हातात. पण तेव्हाही काम सुरू करायचं ते प्लास्टर निघून दोन बिलं खात्यात आल्यावर. आजच ३४ काढले तर हेल्मेट आणि घरखर्च धरून बचतीत १८ उरतात, जेमतेम महिनाभराची सोय. बँकेत पडून असलेले पैसे रिकामटेकडे दिसतात, पण तुमच्याकडे आत्ता पगार नाही, तेच पैसे पगार आहेत.

क्रेडिट कार्डाचा विचार सोडा. महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ वाटतात. थकबाकीवर व्याज चढत गेलं तर ते ४२ टक्क्यांच्या वर जातं. तुमच्या बाइकचा भाव तोवर खालीच जातोय.

काम निघेलच तेव्हा सर्व्हिसिंग त्यातच उरकून घ्या, कारण अर्धी मजुरी नुसती उघडझाकीची असते. फोर्क उघडलाच आहे तर तेल आणि ऑइल सील नवे. रेडिएटर बदलताना कूलंट नवा पडणारच. ब्रेक फ्लुइडला दोन वर्षं झाली असतील तर तोही. चार सिलिंडरच्या या बाइकवर व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनातल्या झडपांची फट) बघायला टाकी, एअरबॉक्स, बरंच काही खोलावं लागतं. मॉडेलनुसार ते २४,००० ते ४२,००० किलोमीटरला सांगितलेलं असतं. तुमचं मॅन्युअल २४,००० म्हणत असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा सगळं सोडवण्यापेक्षा आताच करा. ही देखभाल आहे, विमा ती देणार नाही. तिचं बिल वेगळं मागा, नाहीतर सर्व्हेअर (नुकसान तपासायला विमा कंपनीकडून येणारा माणूस) आणि गॅरेज यांच्या वादात तुमचा क्लेम लोंबकळेल.

आणखी एक गोष्ट. बाइक आडवी पडल्यावर इंजिन लगेच बंद झालं होतं का? अशा बाइकवर झुकाव ओळखणारा सेन्सर असतो आणि तो इंजिन बंद करतो. त्याने काम केलं नसेल आणि इंजिन आडवं असताना चालू राहिलं असेल, तर तेलाच्या पंपाने हवा ओढली असू शकते. मग आतल्या बेअरिंगची शंका घ्यावी लागते आणि वरचे सगळे आकडे बदलतात. तुम्ही तिथे होतात, आठवून बघा.

क्रम असा ठेवा. उद्या सकाळी विमा कंपनीला कळवा. आठवडा गेलाय, पॉलिसीत कळवण्याची मुदत दिलेली असते. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काही खोलू देऊ नका, आणि चेसिस व फोर्क मोजायची लेखी मागणी त्याच्याकडेच करा. पत्रात तुम्ही म्हणता की फुटलेलं फेअरिंग तुम्ही स्वतः काढलंत. ते तुकडे कचऱ्यात गेले नसतील तर एका खोक्यात भरून बाइकशेजारी ठेवा, सर्व्हेअर मागेल.