ड्रम सेटमधला स्नेअर ड्रम पोकळ रेकॉर्ड झालाय. ड्रम रिप्लेसमेंट सॉफ्टवेअरने तो पूर्ण बदलावा का?

पूर्ण बदलू नका, मूळ ट्रॅकच्या जोडीला सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेला तयार स्नेअरचा ठोका) मिसळा. वादकाच्या हाताचा जोर मूळ ट्रॅकमध्येच असतो, तो पुसून टाकणं मला पटत नाही. खरी मेख फेजमध्ये, म्हणजे दोन्ही आवाजांच्या लहरी एकमेकींशी जुळण्यात आहे. सॅम्पल 1-2 मिलिसेकंद जरी मागे पडलं, तरी आवाज भरण्याऐवजी आणखी पातळ होऊ शकतो. म्हणून दोन्ही वेव्हफॉर्म झूम करून ठोक्याची सुरुवात जुळवा, मग सॅम्पलची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका. ज्यात खालचा (बासचा) आवाज भरीव लागेल ती ठेवा. स्नेअरच्या माइकमध्ये हाय-हॅटचा (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांचा) आवाज शिरला असेल तर खोटे ठोके ट्रिगर होतात, तिथे थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वरच सॉफ्टवेअर ठोका धरतं ती मर्यादा) वाढवा. त्यात हलक्या घोस्ट नोट्स (मुख्य ठोक्यांमधले अगदी हळू वाजवलेले ठोके) सुटतील, त्या मूळ ट्रॅकवरच राहू द्या. आणि तपासताना ओव्हरहेड (ड्रम सेटच्या वर लावलेल्या माइकचे ट्रॅक) चालू ठेवा, स्नेअर नुसता सोलो, म्हणजे एकटाच ऐकून निर्णय घेऊ नका.