आरओच्या पडद्यात कसलं करिअर?

नमस्कार,

मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला आरओत पाणी गाळणाऱ्या मेम्ब्रेनवर, म्हणजे पडद्यावर, संशोधन करायचंय आणि तुम्ही विचारता, ‘आरओ तर गल्लीतला मेकॅनिकही बसवतो, त्यात पोरीनं शिकायचं काय?’ बसवतो खरा. पण त्या नळकांड्यातला गुंडाळलेला पडदा बनवणं ही अस्सल केमिस्ट्री आहे.

पडदा तीन थरांचा. खाली पॉलिएस्टरचं कापड, त्यावर पॉलिसल्फोन या प्लास्टिकचा सच्छिद्र थर, आणि वर पॉलिअमाइड या नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकचा साधारण १००-२०० नॅनोमीटरचा पापुद्रा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). मीठ अडवतो तो एवढाच. पाण्यातलं अमाइन आणि तेलकट द्रावकातलं ॲसिड क्लोराइड ही दोन रसायनं एकमेकांना भिडतात तिथे तो काही सेकंदांत तयार होतो. कॉलेजात नायलॉनची दोरी ओढून दाखवतात, त्याच जातीची ही अभिक्रिया. १९७०च्या दशकात अमेरिकेत जॉन कॅडॉट यांनी ही रीत बसवली; कारखाने आजही मुख्यतः तीच वापरतात.

मग नवं काय उरलं? पुष्कळ! हा पापुद्रा क्लोरीन सोसत नाही. पाण्यातला क्लोरीन आधी काढावा लागतो, मग पडद्यावर जंतूंचा बुळबुळीत थर चढतो. २०१५ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात १० नॅनोमीटरहून पातळ पापुद्रा बनवला गेला. तेव्हा सगळं लक्ष पातळपणावर होतं. २०२१मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, की नुसती जाडी कमी करून भागत नाही, आतली घनता सगळीकडे सारखी हवी. घराघरांत पोचलेल्या वस्तूचं पोट आत्ता कुठे उलगडतंय, म्हणून मला तुमच्या मुलीची निवड आवडली.

‘वॉटर टेक्नॉलॉजी’ अशा भारी नावाच्या कोर्सला मात्र फी भरू नका. तिनं जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन ऑरगॅनिक, फिजिकल किंवा पॉलिमर केमिस्ट्रीत एम.एस्सी. करावं, मग नेट-जेआरएफ ही संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा द्यावी. पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि भावनगरची सीएसएमसीआरआय (मीठ आणि सागरी रसायनांवरची केंद्रीय संशोधन संस्था) इथे मेम्ब्रेनवर काम चालतं. जेआरएफ मिळाली तर सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे पीएच.डी.चा भार तुमच्यावर येत नाही. वेळ मात्र पाचेक वर्षं जातो. घरात लवकर पगार यायला हवा असेल, तर ॲनालिटिकल केमिस्ट्री, म्हणजे पदार्थांत काय किती आहे ते तपासण्याचं शास्त्र, बरी. प्लँटवरच्या डिझाइनच्या नोकऱ्या बहुधा केमिकल इंजिनिअरांकडे जातात. ही घरची बाजू तिच्यापासून लपवू नका, जॅमचा फॉर्म भरण्याआधीच बोला.