अविचारी राज्यकर्त्यापुढे ख्रिस्ती माणसाने गप्प बसावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सरकार उघडउघड चुकीचे निर्णय घेत असेल, तरी बायबलातल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायानुसार ख्रिस्ती माणसाने मुकाट्याने मान डोलवायची का?

नाही. त्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, कर द्या, मान द्या असे सांगितले आहे. तोंड बंद ठेवा असे कुठेही म्हटलेले नाही. काही उपदेशक मात्र तो तसा वापरतात, विशेषतः सत्तेवर त्यांच्या आवडीची माणसे असली की.

हे लिहिणारा पौल स्वतः कसा वागला, ते पाहा. फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशीशिवाय छड्या मारून तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडून द्या त्यांना. पौल जागचा हलला नाही. म्हणाला, आम्ही रोमी नागरिक. आम्हांला चारचौघांत मारले आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर काढावे. अधिकारी घाबरले, आले, विनवण्या केल्या (प्रेषितांची कृत्ये १६). पौलाने ना शिवीगाळ केली, ना दंगा. कायद्याने दिलेला हक्क तेवढा बजावून घेतला. पुढे त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली तीही याच रीतीने. रोमकरांस पत्र फिलिप्पैच्या त्या प्रसंगानंतरचे आहे, म्हणजे अधीनतेबद्दल लिहिणाऱ्याच्या पाठीने छड्या सोसलेल्या होत्या.

अविचारी आणि दुष्ट यांतला फरकही लक्षात घ्यायला हवा. राजाने देवाची आज्ञा मोडायला सांगितली, तर नकारच द्यायचा: मिसरातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणींनी बालकांना मारले नाही, राजाची मनाई असूनही दानीएलाने प्रार्थना थांबवली नाही, प्रेषित पेत्राने "मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे" असे न्यायसभेला तोंडावर सांगितले. पण बहुतेक सरकारी निर्णय या जातीचे नसतात. ते नुसतेच घाईचे, अहंकाराचे किंवा बिनडोक असतात. अशा प्रत्येक वेळी "मी दानीएल" म्हणत कायदा मोडणे मला पटत नाही.

अविचारी राजाचा नमुना हवा तर शलमोन राजाचा मुलगा रहबाम घ्या. लोक म्हणाले, तुमच्या बापाने लादलेले जू हलके करा. वडीलधाऱ्यांचा सल्ला होता, आज यांचे सेवक व्हा, हे कायमचे तुमचे होतील. त्याने बरोबरीच्या पोरांचे ऐकले आणि जू आणखी जड करीन म्हणाला. इस्राएलाचे दहा वंश फुटून गेले (१ राजे १२). ही गोष्ट राजांना इशारा म्हणून सांगितली जाते, पण पुढचा भाग मला अधिक बोलका वाटतो. लोकांची बाजू घेऊन पुढे आलेला यराबाम स्वतः राजा झाला आणि त्याने बेथेल व दान येथे सोन्याची वासरे उभी केली. मूर्ख राजाला विरोध करणारा शहाणाच असतो, अशी हमी शास्त्र देत नाही. म्हणून आपल्या बाजूच्या नेत्यालाही तेवढेच तपासून घ्यावे. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सुनावले ते दावीद देवाच्या मनासारखा राजा असताना.

बायबलातल्या 'उपदेशक' या पुस्तकाच्या १०व्या अध्यायात एक व्यवहारी वचन आहे: अधिपतीचा राग तुझ्यावर भडकला तरी आपली जागा सोडू नको, शांतपणाने मोठे अपराध शमतात. सरकारी नोकरीतल्या विश्वासणाऱ्यांनी ते जरूर वाचावे. चुकीच्या धोरणाबद्दल लेखी मत नोंदवणे, माहिती मागवणे, न्यायालयात जाणे, मत देणे यांतले काहीही रोमकरांस १३च्या विरुद्ध नाही.

राहिली प्रार्थना. पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला राजांसाठी विनंत्या करायला सांगतो, राजे चांगले असतील तर अशी अट न घालता. मी करतो, आणि कित्येकदा दात-ओठ खात करतो. ज्याच्यासाठी सकाळी प्रार्थना केली त्याच्याबद्दल दुपारी खोटा संदेश पुढे पाठवायला मग हात रेटत नाही. त्याच्या निर्णयाविरुद्ध अर्ज मात्र पाठवतोच.