जीए कोचची ऑफर: सही करण्याआधी ट्यूशनच्या ओळीचा हिशोब मागा

ताई, तुमचा लेक अमेरिकन कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटात, म्हणजे डिव्हिजन थ्रीत, चार वर्षं शॉर्टस्टॉपच्या जागेवर बेसबॉल खेळला, मे महिन्यात इकॉनॉमिक्सची डिग्री होईल आणि आता त्याला बेसबॉल कोच व्हायचंय. एका छोट्या खाजगी कॉलेजचं ग्रॅज्युएट असिस्टंटचं (जीए, म्हणजे मास्टर्स शिकता शिकता कोचच्या हाताखाली काम) पत्र आलंय: मास्टर्सची ट्यूशन माफ, वर दहा महिन्यांचे मिळून ८,००० डॉलर. त्याचे बाबा म्हणतायत, "याला नोकरी म्हणतात?" हे सगळं आमच्या घरी होऊन गेलंय, अगदी बाबांच्या वाक्यासकट. म्हणून इतकं लांबलचक लिहितेय.

करू द्यावं की नाही, यावर मी बोलणार नाही. तो करणारच आहे. मी बोलणार ते "ट्यूशन माफ" या दोन शब्दांवर, कारण आम्हाला सगळ्यात महाग तेच पडले. आधीच सांगते, मी ना वकील ना सीपीए (करांचा हिशोब बघणारा अकाउंटंट). आकडे तुमच्या सीपीएकडून तपासून घ्या.

नियम असा आहे की नोकरी देणाऱ्याने तुमच्या शिक्षणाचा खर्च उचलला, तर एका कॅलेंडर वर्षात ५,२५० डॉलरपर्यंत त्यावर कर नाही. मास्टर्सला त्यापुढची रक्कम पगारात धरली जाते. जे ग्रॅज्युएट असिस्टंट वर्गावर शिकवतात किंवा संशोधन करतात त्यांना यातून वेगळी सूट आहे. त्यामुळे तुमच्या ओळखीतली पीएचडीची मुलं म्हणतील, "काकू, आम्हाला तर कधीच कर लागला नाही." त्यांचं खरं आहे. पण बुलपेन, म्हणजे पिचरांची सरावाची जागा, सांभाळणं हे त्या कायद्याच्या लेखी ना अध्यापन ना संशोधन.

आमच्या मुलाची एका सेमिस्टरची ट्यूशन होती १५,०००. ऑगस्टमध्ये रुजू झाला, दोन महिने ८०० डॉलरचा चेक थोडीफार कपात होऊन नीट आला. नोव्हेंबरच्या पे-स्टबवर, म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवर, एक नवीन ओळ उगवली. चार-पाच अक्षरांचं काहीतरी संक्षिप्त नाव आणि समोर ९,७५०. म्हणजे १५,००० वजा ५,२५०. हा पैसा पोराच्या हातात कधी आलाच नव्हता, पण त्यावरचा कर त्याच महिन्याच्या ८०० मधून कापला होता. खाली निव्वळ पगार: शून्य. तिघा असिस्टंटांनी मिळून घेतलेल्या घराचं भाडं त्या महिन्यात आम्ही भरलं.

त्या वर्षीचं बरंचसं रिटर्न भरल्यावर परत आलं, कारण एकूण उत्पन्नच कमी होतं. पण ते वसंतात, तोवर उसनवारी. खरा दणका पुढच्या वर्षी. जानेवारी ते डिसेंबरमध्ये दोन सेमिस्टर बसतात, म्हणजे ३०,००० वजा ५,२५०, आणि वर ८,००० स्टायपेंड. कागदावर पोरगा बत्तीस हजार कमावणारा झाला आणि फ्रीजमध्ये अंडी नि ब्रेड.

पेरोलने, म्हणजे पगार काढणाऱ्या विभागाने, सांगितलं, ग्रॅज्युएट स्कूलला विचारा. ग्रॅज्युएट स्कूल म्हणालं, ही नेमणूक ॲथलेटिक्सची. ॲथलेटिक्सच्या बाईंनी परत पेरोलचाच ईमेल पत्ता दिला. (हे सगळं मुलानेच केलं, आईबापांशी ते बोलत नाहीत, बोलूही नये.) बऱ्याच दिवसांनी एका वाक्याचं उत्तर आलं, की हे धोरण कर्मचारी पुस्तिकेत दिलेलं आहे. ती पुस्तिका उघडते लॉगिन मिळाल्यावर आणि लॉगिन मिळतं सही केल्यावर! हेड कोचला तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तो बिचारा स्वतः जीए होता त्याला जमाना झाला. कर लावला याचा मला राग नाही, कायदाच तसा आहे. दर वर्षी नवा मुलगा येतो, दर वर्षी नोव्हेंबरात त्याचे डोळे पांढरे होतात, तरी पत्रात एक ओळ वाढवावी असं तिथे कुणाला वाटत नाही, राग त्याचा येतो.

तर सही करण्याआधी तुमच्या लेकाला ईमेल करायला सांगा, फोन नको. ट्यूशनमधली किती रक्कम करपात्र धरणार? कपात कोणत्या महिन्यांत होणार, आणि सगळ्या चेकमध्ये समान वाटून मिळेल का? फीज माफीत आहेत की वेगळ्या? (बहुतेकदा वेगळ्या असतात.) काही ठिकाणी जीए कोचकडे खरोखरच एखादा वर्ग शिकवायला असतो, तिथे हिशोब बदलू शकतो, पण तो खरा हवा, नावापुरता नको. आणि एखाद्या सरकारी विद्यापीठाचीही ऑफर असेल तर स्टायपेंड थोडा कमी असला तरी ती आधी बघा. मूळ ट्यूशनच कमी असेल तर ५,२५० च्या वरची करपात्र रक्कमही कमी.

पत्रात आठवड्याचे २० तास लिहिलेले असतील. हसून सोडून द्या. फेब्रुवारी ते मे पहाटे मैदानावरचा टार्प (ताडपत्री) काढायचा, माउंडवरची (पिचरच्या उंचवट्यावरची) ओली माती उकरून कोरडी भरायची, ठोकून बसवायची, रेषा मारायच्या, मग प्रॅक्टिस, मग व्हिडिओ कापायचे, मग स्वतःचा अभ्यास. मात्र ते २० तास कागदावर राहतात, त्यामुळे विद्यार्थी कर्जाच्या सरकारी माफीसाठी जे १२० हप्ते लागतात त्यात ही दोन वर्षं धरू नका. तिथे आठवड्याचे किमान ३० तास लागतात.

पुढच्या वाटेबद्दल माझं मत जरा कडू आहे. सगळी मुलं बेसबॉल कोच पॅट केसींचं नाव घेतात. जॉर्ज फॉक्ससारख्या छोट्या कॉलेजातून ते ओरेगन स्टेटला गेले आणि २००६, २००७, २०१८ ला राष्ट्रीय विजेतेपद आणलं. टिम कॉर्बिनही प्रेस्बिटेरियनसारख्या छोट्या कॉलेजातूनच वर आले, पुढे व्हँडरबिल्टला दोनदा जिंकले. छान आहे. पण बाकीच्यांचं आयुष्य रिक्रूटिंगमध्ये, म्हणजे संघासाठी शाळकरी मुलं मिळवण्यात, जातं. डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप नसते, म्हणजे कोचने आणलेला जवळजवळ प्रत्येक मुलगा कॉलेजला काही ना काही फी भरतो. छोट्या कॉलेजला ती फी हवी असते. त्यामुळे मुलाखतीत फंगो (क्षेत्ररक्षणाच्या सरावासाठी कोच मारतो तो चेंडू) कसा मारता यापेक्षा वर्षाला किती मुलं आणाल हे जास्त विचारतात. संध्याकाळभर सतरा वर्षांच्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांना फोन करायचा ज्याला कंटाळा, त्याने या धंद्यात पडू नये. तुमचा लेक गप्पिष्ट आहे का, हे त्याच्या बॅटिंग ॲव्हरेजपेक्षा महत्त्वाचं.

पगाराचंही ऐकून ठेवा. कोचिंग हे मुख्यतः शिकवणं मानलं, तर फेडरल कायद्यात शिक्षकांचा अपवाद लागू होतो. मग ओव्हरटाइम नाही, आणि आठवड्याला किमान ६८४ डॉलर पगार द्यायची अटही नाही. कॉलेजांना हे बरोबर माहीत असतं!

कॉलेजची तब्येत बघायला विसरू नका. २०२४ साली अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न ३१ मेला कायमचं बंद झालं, आणि त्याच दिवशी त्यांचा संघ इथे आमच्या ओहायोत, ईस्टलेकला, डिव्हिजन थ्रीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये खेळत होता. खाजगी ना-नफा कॉलेजांचा फॉर्म ९९०, म्हणजे कर खात्याला दिलेला वार्षिक जमाखर्च, इंटरनेटवर फुकट सापडतो. सलग तीन-चार वर्षं खर्च उत्पन्नापेक्षा जास्त दिसला तर दोनदा विचार करा.

आरोग्य विमा: २६ वर्षांचा होईपर्यंत त्याला तुमच्या पॉलिसीवर ठेवता येतं, ठेवाच. जीएंना सहसा धड विमा मिळत नाही.

आणि एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. छोट्या कॉलेजांत दौऱ्याची पंधरा सीटांची व्हॅन बऱ्याचदा असिस्टंटच चालवतो, तीही डबलहेडर (एका दिवसात दोन सामने) संपवून रात्री. या व्हॅन भरलेल्या असताना उलटण्याचा धोका जास्त असतो, वाहतूक सुरक्षा खात्याचे तसे इशारे आहेत. बस असते की व्हॅन, चालवणार कोण, आणि अपघात झाला तर विमा कॉलेजचा की चालवणाऱ्याचा, हेही त्याच ईमेलमध्ये घाला.